शेवटचा स्टॉप की पहिला?

आपल्या हॉस्टेलमध्ये कुणालाही विचारा, "कात्रज म्हणजे काय?" कुणी म्हणेल घाट, कुणी म्हणेल डेअरी, कुणी म्हणेल सर्पोद्यान. फर्स्ट इयरचा असेल तर म्हणेल, "झोप लागली की जिथे कंडक्टर हलवून उठवतो ते ठिकाण!" चौथं उत्तर मला सगळ्यात जास्त पटतं. टर्मिनसची यापेक्षा सोपी व्याख्या आमच्या ट्रान्सपोर्टेशनच्या पुस्तकातही नाही.

या लेखाचा विषय तोच आहे, टर्मिनस. बसचं शेवटचं स्टेशन. हसू नका! सिव्हिलवाल्यांना लिहायला दुसरं काही मिळत नाही असं मेकॅनिकलवाले म्हणतीलच. पण गेल्या सेमिस्टरला एका असाइनमेंटसाठी मी कात्रजच्या स्टँडवर वही घेऊन तीन संध्याकाळी बसले आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये. त्याला एक घरचं कारणही आहे. ते पुढे सांगते.

आधी थोडा इतिहास. डिसेंबर २००५ मध्ये केंद्र सरकारची जेएनएनयूआरएम ही शहर सुधारणेची मोठी योजना आली आणि वर्षभरात, २००६ च्या अखेरीस, पुण्यात कात्रज–स्वारगेट–हडपसर या सुमारे साडेसोळा किलोमीटरच्या मार्गावर 'बीआरटी'चा प्रयोग सुरू झाला. बस रॅपिड ट्रान्झिट! हा प्रयोग करणारं पुणे हे देशातलं पहिलं शहर. दिल्ली २००८ मध्ये आली, अहमदाबादचं 'जनमार्ग' ऑक्टोबर २००९ मध्ये. म्हणजे आपण रोज ज्या स्टँडवर वडापाव खातो ते भारतातल्या पहिल्या बीआरटीचं एक टोक होतं. आहे की नाही अभिमानाची गोष्ट? पण हा अभिमान फार दिवस टिकला नाही, हेही तितकंच खरं.

बीआरटी म्हणजे रस्त्याच्या मधोमध बससाठी वेगळी लेन, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. खरं तर लेन हा त्यातला एक भाग झाला. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात १९७४ मध्ये वेगळ्या मार्गावरच्या एक्स्प्रेस बस सुरू झाल्या. तिथले महापौर जैमे लर्नर स्वतः आर्किटेक्ट. पुढे १९९१ मध्ये त्यांनी काचेच्या नळीसारखी दिसणारी स्टेशनं आणली. तिकीट आधीच काढायचं आणि प्लॅटफॉर्मवर बसच्या फरशीच्याच उंचीला उभं राहायचं. बस आली, दार उघडलं की सरळ आत. पायऱ्या नाहीत, सुट्ट्या पैशांची भानगड नाही. कोलंबियातल्या बोगोटा शहराने डिसेंबर २००० मध्ये 'ट्रान्समिलेनिओ' सुरू केली, ती याच वाटेवर पण आणखी मोठ्या प्रमाणात.

बोगोटामध्ये या मार्गांच्या टोकांना काय म्हणतात माहितीये? 'पोर्ताल'. म्हणजे दरवाजा! शेवटचा स्टॉप नव्हे, शहराचा दरवाजा. कडेच्या डोंगरउतारांवरच्या वस्त्यांमधून छोट्या हिरव्या फीडर बस माणसं गोळा करून पोर्तालमध्ये आणतात आणि तिथे त्याच छताखाली माणूस मोठ्या लाल बसमध्ये चढतो. रस्ता ओलांडायचा नाही, पावसात भिजायचं नाही. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, नावातच सगळा फरक आहे. आपण म्हणतो, 'बस इथे संपते'. ते म्हणतात, 'शहर इथे उघडतं'.

पुण्याच्या पहिल्या प्रयोगात लेन झाली, पण तिकीट बसमध्ये कंडक्टरकडेच राहिलं. मधल्या लेनमधल्या स्टॉपवर जायचं तर धावत्या ट्रॅफिकमधून वाट काढावी लागे. लेनमध्ये दुचाक्या शिरू लागल्या. पेपरात वर्षानुवर्षे वाद रंगले. २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली. २०१५ मध्ये 'रेनबो बीआरटी' नावाने संगमवाडी–विश्रांतवाडी आणि पिंपरी-चिंचवडकडचे मार्ग सुरू झाले. त्यात स्टेशनं बरीच नीट होती, चढायला प्लॅटफॉर्म होते. २०१६ मध्ये नगर रस्त्याचा मार्ग आला आणि २०२३ पासून तो टप्प्याटप्प्याने काढूनही टाकला गेला. दिल्लीचा मार्ग तर २०१६ मध्येच उखडला होता. आपला स्वारगेट–कात्रज मार्ग मध्यंतरी उकरून पुन्हा नव्याने बांधला गेला. आता स्वारगेटला २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो आली आहे आणि त्याच दिवशी स्वारगेट–कात्रज या साधारण साडेपाच किलोमीटरच्या पुढच्या मेट्रोचं भूमिपूजनही झालं. म्हणजे कात्रज पुन्हा एकदा टोक होणार, फक्त जमिनीखाली!

कात्रजला टोक असण्याची सवय जुनीच आहे म्हणा. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथून थेट शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाण्याचा नळ नेला. पंप नाही, मोटर नाही, नुसत्या उताराच्या जोरावर पाणी पेठांमधल्या हौदांत येई. मार्गावर ठिकठिकाणी 'उच्छ्वास' बांधले, हवा बाहेर पडायला आणि आत उतरून गाळ काढायला. आमचे हायड्रॉलिक्सचे सर हे सांगताना नेहमी म्हणतात की नळ कितीही उत्तम बांधा, तलाव बरोबर नसेल तर हौद कोरडा राहणार. मला हे बसलाही लागू पडतं असं वाटतं. लेन म्हणजे नळ आणि टर्मिनस म्हणजे तलाव. आपण पंधरा-वीस वर्षं नळावर भांडलो, तलावाकडे फारसं कुणी पाहिलंच नाही.

पटत नसेल तर थोडं गणित करू. (घाबरू नका, एम-थ्री नाही!) समजा, एका मार्गाला एका बाजूने जायला ४० मिनिटं लागतात आणि दोन्ही टोकांना बस १०-१० मिनिटं थांबते. पूर्ण चक्कर झाली १०० मिनिटांची. प्रवाशाला दर ५ मिनिटांनी बस हवी असेल तर १०० भागिले ५, म्हणजे २० बस लागतील. प्रत्येक बस टोकाला १० मिनिटं उभी राहणार आणि दर ५ मिनिटांनी नवी येणार, म्हणजे कुठल्याही क्षणी तिथे २ बस उभ्या असणार. असे ८ मार्ग एकाच टर्मिनसवर संपत असतील तर १६ बसना उभं राहायला जागा हवी. आता समजा ही जागाच नाही. बस आत शिरायला, वळायला आणि बाहेर पडायला प्रत्येक टोकाला १० मिनिटं जादा जातात. चक्कर झाली १२० मिनिटांची. बस तेवढ्याच २० असतील तर आता ती दर ६ मिनिटांनी येईल. तासाला १२ च्या ऐवजी १० बस. आधीसारखी दर ५ मिनिटांनी हवी असेल तर २४ बस लागतील. म्हणजे जागा नाही म्हणून ४ बस, त्यांचे ड्रायव्हर, कंडक्टर, इंधन, सगळं नुसतं वळण्यात गेलं! रस्त्यावरच्या लेनने वाचवलेली मिनिटं टोकाला अशी गळून जातात.

आता आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. अर्धा तास एकही बस नाही आणि मग एकदम तीन येतात, असं का? आपल्याला वाटतं ड्रायव्हर लोक गप्पा मारत एकत्र निघतात. तसं नाही. एका बसला जरासा उशीर झाला की पुढच्या स्टॉपवर तिच्यासाठी जास्त माणसं साठलेली असतात. ती चढेपर्यंत आणखी उशीर. मागच्या बसला मात्र स्टॉप रिकामेच मिळतात, त्यामुळे ती भराभर येऊन पुढचीला गाठते. न्यूएल आणि पॉट्स या दोघांनी १९६४ मध्येच हे गणिताने मांडून दाखवलं आहे. म्हणजे हा पुण्याचा खास गुण नाही, बसचा स्वभावच आहे.

यावर सगळ्यात साधा उपाय टर्मिनसवरच करता येतो. तिथे तीन बस एकदम आल्या तरी कंट्रोलरने एक लगेच सोडली, दुसरी पाच मिनिटांनी, तिसरी दहा मिनिटांनी, की गाडा पुन्हा रुळावर. पण त्यासाठी बस थांबवायला जागा हवी आणि ड्रायव्हर-कंडक्टरला चहा प्यायला, तोंड धुवायला, टॉयलेटला जायला सोय हवी. कात्रजच्या स्टँडवर मी वहीत वेळा टिपत बसले होते तेव्हा एक कंडक्टर काका शेजारी येऊन बसले. म्हणाले, "कसला सर्व्हे मॅडम? रस्ता परत खोदणार का?" मी नाही म्हटलं, टर्मिनसचा अभ्यास आहे. तर म्हणाले, "मग लिहा त्यात, ह्या दहा मिनिटांवर माणूस दिवस काढतो." मी खरंच लिहिलं. व्हायवाला सरांनी नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "याचं युनिट काय?" असो!

(जाता जाता रेक्टर मॅडमना नम्र विनंती. लेट एंट्रीच्या रजिस्टरमध्ये 'बस मिळाली नाही' हे कारण दिसलं की आपण हसता. वरचा परिच्छेद कृपया पुन्हा वाचावा. हे कारण शास्त्रीय आहे.)

आता घरची गोष्ट.

माझं गाव राहनाळ. तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे. हॉस्टेलवर पहिल्या दिवशी हे नाव सांगितलं तर रूम पार्टनरला 'रायनाळ', 'रानाळे', काहीही ऐकू आलं. म्हणून मी "भिवंडी" सांगते. मग समोरचा म्हणतो, "अच्छा, पॉवरलूम!" पॉवरलूम शहरात. आमच्या बाजूला गोदामं. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला की कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, अंजूरफाटा... सगळीकडे गोदामंच गोदामं. तुम्ही मोबाइलवर बटण दाबून जे काही मागवता, त्यातलं बरंच आमच्या शेजारून तुमच्याकडे येतं. एकेकाळी इथे भातशेती होती, माझ्या आजीने लावणी केली आहे. आता बांधावर कंटेनर उभे असतात.

आमच्या घरासमोरून ठाणे–भिवंडी रस्ता जातो. अंजूरफाट्याजवळ भिवंडी रोड हे रेल्वे स्टेशनही आहे, वसई–दिवा मार्गावरचं. त्या स्टेशनातून २०२० पासून पार्सल गाड्या सुटल्या, अगदी आसामपर्यंत. म्हणजे आमच्या गावाशेजारून खोकं एका गाडीत बसून आसामला गेलं, पण माणसाला ठाण्याला कॉलेजात जायचं तर मारामार! मालासाठी आमचं गाव टर्मिनस आहे, माणसांसाठी मात्र नुसता मधला स्टॉप.

मधला स्टॉप म्हणजे काय, हे टर्मिनसजवळ राहणाऱ्याला कळत नाही. टर्मिनसला बस रिकामी मिळते. बसायला जागा, खिडकी, डोकं टेकून झोप. कात्रजच्या लोकांचं हे सुख बालाजीनगर, पद्मावतीच्या लोकांना विचारा! मुंबईकडे तर माणसं सीटसाठी उलटी एक-दोन स्टेशनं जाऊन 'रिटर्न' येतात. आमच्या राहनाळच्या स्टॉपवर भिवंडीहून येणारी गाडी भरूनच येते. कधी थांबते, कधी पुढे जाऊन थांबते, कधी थांबतच नाही. मग शेअर रिक्षा. ड्रायव्हरच्या शेजारी एक, मागे चार, आणि आजूबाजूला कंटेनर.

माझी ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी आणि माझ्यापेक्षा बरीच हुशार. (हे ती वाचणार आहे म्हणून लिहीत नाहीये, दहावीची मार्कलिस्ट साक्षीला आहे.) तिने ठाण्याच्या कॉलेजात अॅडमिशन घेतली. सकाळी सहाला घराबाहेर. लेक्चर संपवून निघाली की ठाण्यापर्यंत ठीक, पुढे काल्हेरच्या जॅममध्ये दीड-दोन तास. पावसाळ्यात घरी यायला साडेआठ-नऊ. रस्त्यावर दिवे थोडे, ट्रेलर खूप. बाबा रोज स्टॉपवर बॅटरी घेऊन उभे राहायचे. त्यांची ड्यूटी बदलली तशी तीही सोय गेली. आजी ओट्यावर बसून एकच वाक्य म्हणायची, "येवरा मोठा रस्ता घरासमोर, न् पोरीला जावाला गारी नाय!" (आमच्या आगरी बोलीत 'गाडी'ची 'गारी' होते. हॉस्टेलवर माझी यावरून भरपूर थट्टा झालेली आहे, आता पुरे.)

दुसऱ्या वर्षानंतर ताईने कॉलेज सोडलं आणि एक्स्टर्नलचा फॉर्म भरला. घरात कुणी तिला "शिकू नको" म्हटलं नाही. भांडण नाही, रडारड नाही. सगळ्यांनी मिळून शांतपणे ठरवलं की रोजची ही ये-जा जमणार नाही. आज ती एका गोदामाच्या ऑफिसात बिलिंग पाहते. चालत जाते, दहा मिनिटांत पोचते. डिग्री तिने पूर्ण केली. पण तिला सीए करायचं होतं, त्याचे क्लास ठाण्यात, संध्याकाळी सहा ते नऊ. ते राहिलंच.

माझी वेळ आली तेव्हा बाबांनी आधीच सांगून टाकलं, "लांब गेलीस तरी चालेल, पण राहायचं तिथेच. रोज येणं-जाणं नको." ऐकायला विचित्र आहे ना? ठाणं लांब आणि पुणं जवळ! पण आमच्या घरी ते खरं होतं. माझ्या हॉस्टेलची फी, मेसचं बिल, येण्या-जाण्याचा खर्च, या सगळ्यासाठी ताईच्या पगारातूनही पैसे येतात. आमच्या रस्त्याला एक चांगलं टर्मिनस नसल्याची किंमत आमच्या घरापुरती तरी एवढी आहे. अशी किती घरं असतील, ते तुम्हीच मनात धरा. या हॉस्टेलमध्येच माझ्यासारख्या तीन-चार जणी आहेत, ज्यांचं गाव एखाद्या कॉलेजच्या शहरापासून तासाभरावर आहे. दर सेमिस्टरला फी भरताना आम्ही हा हिशोब करतो आणि विषय बदलतो.

म्हणून कात्रजच्या स्टँडवर बसले असताना मला गंमत वाटण्यापेक्षा हेवा जास्त वाटला. स्टँड काही आदर्श नाही, गर्दी आहे, चिखल आहे. पण रात्री उशिरापर्यंत तिथे लाइट असतो, माणसं असतात, टपरी चालू असते, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणारी बस समोर उभी असते. घाटापलीकडच्या खेडशिवापूरकडची, भोरकडची मुलं तिथे उतरतात, दुसरी बस पकडतात आणि कॉलेज करून संध्याकाळी परत जातात. त्यांच्यातल्या कितीतरी मुलींना हॉस्टेल घ्यावं लागत नाही. बोगोटावाले ज्याला दरवाजा म्हणतात तो हाच. लेन राहिली, गेली, पुन्हा बांधली, मेट्रो आली, पण हे टोक टिकून आहे म्हणून या मुली शिकताहेत.

आमच्याकडेही आता काही घडतंय. ठाणे–भिवंडी–कल्याण या मेट्रो ५ ला राज्य सरकारने २०१७ मध्ये मंजुरी दिली आणि डिसेंबर २०१८ मध्ये भूमिपूजन झालं. एकूण लांबी सुमारे २५ किलोमीटर. पहिला टप्पा ठाण्याच्या कापूरबावडीपासून भिवंडीच्या धामणकर नाक्यापर्यंत. म्हणजे धामणकर नाका हे टोक, आणि राहनाळला जवळचं स्टेशन अंजूरफाटा. आमच्या रस्त्याच्या मध्ये खांब उभे राहिले तेव्हा आजी प्रत्येक सुट्टीत मला त्यांची संख्या सांगायची, जणू काही मीच कॉन्ट्रॅक्टर आहे.

पण पुण्याच्या बीआरटीकडून मी एक गोष्ट शिकले आहे. मार्ग बांधून काम अर्धंच होतं. अंजूरफाट्याला मेट्रोतून उतरलेली मुलगी पुढे राहनाळला कशी जाणार? रिक्षा कुठे उभ्या राहणार, की कंटेनरच्या रांगेतच? पूर्णा, राहनाळ, आतली छोटी गावं, यांच्यासाठी फीडर बस असेल का? असली तर तिला वळायला जागा कोण देणार? गोदामासाठी जागा मिळते, बससाठी मिळेल का? जिन्याखाली लाइट असेल का? आणि धामणकर नाक्याच्या टोकाला उतरून पुढे शहरात जाणारी शेकडो माणसं त्याच अरुंद चौकात रस्ता ओलांडणार का? यातला एकही प्रश्न मेट्रोच्या खांबाइतका मोठा नाही. पण ताईचं सीए खांबाअभावी नव्हे, यातल्याच एखाद्या प्रश्नापायी राहिलं असतं.

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी मी हाच विषय मागितला आहे. अंजूरफाटा स्टेशनच्या भोवतालच्या पाचशे मीटरची आखणी. बस किती उभ्या राहतील, रिक्षा कुठे, माणसं कुठून ओलांडतील, वर केलेलं ते भागाकाराचं गणित आमच्या रस्त्याला लावून पाहायचं. गाइड सर म्हणाले, "विषय लहान आहे." मी म्हटलं, सर, लहान आहे म्हणूनच कुणी केलेला नाही. त्यांनी सही केली. (सर, आभारी आहे!)

ताईला फोनवर सगळं समजावून सांगितलं, फीडर, हेडवे, लेओव्हर, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "शेवटची गाडी किती वाजता असेल?"

साडेनऊचा क्लास सुटल्यावर ठाण्याला यायला, गाडी मिळायला आणि अंजूरफाट्याला उतरायला किती वेळ लागेल, ते आम्ही दोघींनी फोनवरच मोजलं. मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे : शेवटची फीडर, रात्री ११. बाकीचं डिझाइन त्या आकड्यापासून मागे मागे येणार आहे.

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)